५४ पिशव्यांच्या ८ कशा झाल्या : न्यूयॉर्कच्या शाळांमधल्या खरकट्याचं प्रकरण

मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइड भागातल्या आठ सरकारी शाळांच्या जेवणघरांतून मिळून रोज ५४ पिशव्या कचरा निघायचा. २०१२ च्या पहिल्या सहामाहीत तिथल्या पालकांनी चार महिन्यांचा एक प्रयोग केला आणि ५४ च्या ८ झाल्या. शाळेमागे जिथे जवळपास सात पिशव्या भरायच्या, तिथे एक भरू लागली. घट ८५ टक्क्यांची. हा आकडा नंतर बराच फिरला. पुढे बारा वर्षांत शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांमध्ये ओल्या कचऱ्याचा तपकिरी डबा पोचला, त्याची सुरुवात या आठ शाळांतली.

आकडा खरा आहे, पण तो कशाचा आहे हे नीट बघायला हवं. मुलं जास्त जेवू लागली किंवा पानात कमी टाकू लागली, असं त्यातून काहीच कळत नाही. या आठ शाळांत रोज सरासरी ४५० पौंड, म्हणजे दोनशे किलोंच्या वर, अन्न टाकलं जातच होतं. ते काळ्या पिशवीऐवजी वेगळ्या डब्यात जाऊ लागलं, इतकंच. मग पिशव्या इतक्या कमी कशा झाल्या? मला या प्रकरणातला सर्वांत उपयोगी भाग या प्रश्नाच्या उत्तरात दिसतो. त्यासाठी खरकट्याच्या आधी ताटापासून सुरुवात करावी लागते.

थर्माकोलचं ताट

न्यूयॉर्क शहराची शालेय यंत्रणा अमेरिकेतली सर्वांत मोठी. तेव्हा सुमारे ११ लाख मुलं. त्यांना जेवण वाढलं जायचं ते थर्माकोलच्या, एकदा वापरून फेकायच्या ट्रेवर. रोज सुमारे साडेआठ लाख ट्रे लागायचे आणि एका ट्रेचं आयुष्य वीसेक मिनिटांचं.

स्टीलची ताटं का नाहीत, हा आपल्याला लगेच सुचणारा प्रश्न. त्याचं उत्तर दोन शब्दांचं आहे : धुणार कोण? भांडी धुण्याचं यंत्र, त्याला जागा, गरम पाणी, वीज आणि ते चालवणारा माणूस, हा सगळा खर्च शिक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात येतो. थर्माकोलचा ट्रे चार सेंटला मिळायचा. खरेदी करणाऱ्याचा हिशेब तिथेच संपायचा, कारण ट्रे फेकल्यानंतरचा खर्च त्याच्या नावावर पडतच नव्हता. शाळांचा कचरा उचलणं शहराच्या स्वच्छता खात्याकडे. एका खात्याची काटकसर दुसऱ्या खात्याच्या ट्रकमध्ये भरली जात होती. सरकारी कारभार जवळून पाहिलेल्या कुणालाही यात नवल वाटू नये.

त्यात, शहराची स्टेटन आयलंडवरची फ्रेश किल्स नावाची अवाढव्य कचराभूमी २००१ मध्ये बंद झाली. तेव्हापासून न्यूयॉर्कचा कचरा ट्रकने, रेल्वेने, तराफ्यांवरून दुसऱ्या राज्यांत जातो. थर्माकोल वजनाला काहीच नसतं, पण जागा किती खातं, हे लग्नाच्या मांडवामागे थर्माकोलच्या ताटांचा ढीग ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. पिशवी फुगलेली दिसते आणि आत निम्मा वाराच असतो.

कायदा नव्हता, असंही नाही. कागद, काच, धातू वेगळे देण्याचा शहराचा कायदा १९८९ चा. २०१० मध्ये आणखी एक कायदा आला आणि शाळाशाळांत या कामासाठी समन्वयक नेमायला सांगितलं गेलं. (आपल्याकडच्या शिक्षकांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. आधीच चार समित्यांवर असलेल्या एखाद्या बाईंच्या नावापुढे पाचवी समिती लागते आणि कागद पुरा होतो.) जेवणघरात मात्र दूध, पिझ्झाचे काठ, सफरचंद, चमचे आणि ट्रे एकाच पिशवीत जात राहिले.

एक दिवस मागितला

२००९ मध्ये डेबी ली कोहेन या पालकांनी काही जणांना बरोबर घेऊन शाळांतून थर्माकोल हटवण्याची मोहीम सुरू केली. बाई पेशाने कलाकार. पर्यावरणाच्या सरकारी खात्याशी त्यांचा संबंध नव्हता. पुढे या मोहिमेची ‘कॅफेटेरिया कल्चर’ ही संस्था झाली.

त्यांनी सुरुवातीला संपूर्ण बंदीचा हट्ट धरला असता, तर चार सेंटच्या भिंतीवर डोकं आपटून परत आल्या असत्या. हातात पडला तो आठवड्यातला एक दिवस. मार्च २०१० पासून शहरातल्या शाळांत दर मंगळवारी ट्रे द्यायचा नाही, असं ठरलं. त्या दिवशी जेवण असं ठेवायचं, की कागदाच्या छोट्या द्रोणात मावेल. पाचातला एक दिवस गेला म्हणजे ट्रेची खरेदी एका झटक्यात वीस टक्क्यांनी कमी. स्वयंपाकघराला नवं यंत्र लागलं नाही, खात्याला नवा पैसा लागला नाही.

मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा टप्पा वाटतो. ‘हे होऊच शकत नाही’ या वाक्याचा निकाल त्याने आठवड्याला एकदा, पुराव्यासकट लावला. ट्रे नसला तरी मुलं जेवतात, भांडणं होत नाहीत, जेवणघराची घंटा वेळेवर वाजते, हे दर मंगळवारी सगळ्यांना दिसत राहिलं.

आठ शाळा आणि पाच थांबे

अप्पर वेस्ट साइडच्या शाळांतले पालक २०१२ मध्ये पुढच्या प्रश्नाला भिडले. हा भाग सुखवस्तू आणि तिथले पालक-शिक्षक संघ भक्कम, हे आधीच सांगितलं पाहिजे, कारण नंतर ते महत्त्वाचं ठरतं. या शाळांत थर्माकोलऐवजी उसाच्या चिपाडापासून बनवलेले ट्रे आणले गेले. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला चिपाड म्हणजे काय हे समजावायला नको. आपल्या कारखान्यांत जे बॉयलरमध्ये जातं, त्याचा लगदा साच्यात दाबून हे ट्रे होतात आणि खरकट्याबरोबर कुजून जातात.

मग जेवणघराच्या एका बाजूला थांबे उभे राहिले. या शाळांत जी रीत रुळली आणि पुढे शहरभर गेली, ती साधारण अशी. पहिल्या थांब्यावर बादली : उरलेलं दूध, पाणी, रस त्यात ओतायचा. दुसऱ्यावर निळा डबा : रिकामा दुधाचा खोका, बाटली, डबी. तिसऱ्यावर खरा कचरा, म्हणजे चिप्सचं पाकीट, सॉसची पुडी, चमच्याचं वेष्टन. चौथ्यावर खरकटं, तपकिरी डब्यात. पाचव्यावर ट्रे : फेकायचा नाही, आधीच्या ट्रेवर रचायचा.

आता पिशव्यांचं कोडं सुटतं. दूध बादलीत गेल्यामुळे पिशव्यांचं वजन उतरलं आणि गळती थांबली. ट्रे एकावर एक रचल्यामुळे वारा निघून गेला. शंभर ट्रे फेकले तर पिशव्या भरतात, शंभर ट्रे रचले तर गुडघाभर उंचीची चळत होते. खरकटं बाजूला निघालं. उरल्या त्या पुड्या आणि वेष्टनं, एक पिशवीभर. ८५ टक्क्यांतला मोठा वाटा बादलीचा आणि चळतीचा आहे, असं माझं मत. खत करायचं असो वा नसो, या दोन गोष्टी कुठलीही शाळा उद्या सकाळी करू शकते.

या रचनेत ज्याचं नाव अहवालात शेवटी येतं, त्या माणसाबद्दल थोडं. तिथल्या शाळांत इमारतीची देखभाल आणि सफाई बघणाऱ्याला कस्टोडियन म्हणतात. आपल्या शिपाईमामांहून अधिकाराने मोठा, पण शाळेच्या दृष्टीने तितकाच गृहीत धरलेला. बादली ओतणं, डबे धुणं, वास येऊ न देणं, उंदीर आवरणं आणि योग्य दिवशी योग्य पिशव्या फुटपाथवर ठेवणं, हे सगळं त्याच्या माथी. मुख्याध्यापक उत्साही आणि कस्टोडियन नाराज असेल, तर मुलांनी वर निगुतीने वेगळा केलेला कचरा तळघरात पुन्हा एक होतो. वर गाणी आणि पोस्टरं, खाली एकच पिशवी. उलट त्याला पटलं की गळक्या, जड अशा पन्नास पिशव्या ओढण्याऐवजी आठच ओढायच्या आहेत, तर तो या कामाचा सर्वांत खंदा माणूस होतो. पर्यावरणाच्या भाषणापेक्षा त्याची पाठ कमी दुखेल, हे सांगणं जास्त लागू पडतं. आणि त्यात खोटं काही नाही.

डब्यांशेजारी सुरुवातीला पालक उभे राहायचे. मुलं लवकर शिकतात. पहिलीतलं मूल दोन आठवड्यांत पाचही थांबे बिनचूक करतं आणि चुकणाऱ्या शिक्षकाला टोकतं. अडचण मुलांची नसते. अडचण अशी, की उभं राहणारं मोठं माणूस कामाच्या दिवशी भर दुपारी येणार कुठून.

एक सेंटचा प्रश्न

आठ शाळांना चिपाडाचे ट्रे परवडले. शहराला परवडत नव्हते. कुजणारा ट्रे तेव्हा थर्माकोलच्या तिप्पट किमतीला किंवा त्याहूनही महाग पडायचा. तिप्पट धरून मीच मांडलेला हिशेब : ट्रेमागे आठ सेंट जास्त, रोजचे साडेआठ लाख ट्रे, म्हणजे रोज ६८ हजार डॉलर. शाळेचे १८० दिवस धरले तर वर्षाला सव्वा कोटी डॉलरच्या आसपास. कुठलाही शिक्षणप्रमुख हा पैसा ताटातल्या अन्नातून काढून ताटावर घालणार नाही, आणि घालूही नये.

तोड निघाली ती वेगळ्याच बाजूने. २०१२ मध्ये न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, डॅलस, मायामी-डेड आणि ऑरलँडो या सहा मोठ्या शालेय यंत्रणांनी एकत्र येऊन ‘अर्बन स्कूल फूड अलायन्स’ नावाची खरेदीची युती केली. एकेकट्याने निविदा काढली तर कारखानदार किंमत सांगतो. सहा जण मिळून दिवसाला वीस लाखांवर जेवणं वाढतात म्हटल्यावर तो किंमत विचारतो. मेन राज्यातल्या एका कारखान्याकडून कागदाच्या लगद्याचं, कप्पे पाडलेलं गोल ताट बनवून घेतलं गेलं. आपल्या मेसमधल्या कप्प्यांच्या स्टीलच्या ताटाचं कागदी भावंडच. किंमत ४.९ सेंट.

थर्माकोलपेक्षा जेमतेम एक सेंट जास्त. वरच्याच हिशेबाने वर्षाला सव्वा कोटीचा खड्डा चौदा लाखांच्या आत आला. मे २०१५ पर्यंत न्यूयॉर्कच्या शाळांतून थर्माकोल गेलं. शहरातल्या हॉटेल-गाड्यांवरची थर्माकोलबंदी तेव्हा अजून कोर्टात अडकली होती. २०१३ साली मंजूर झालेली ती बंदी प्रत्यक्ष लागू झाली १ जानेवारी २०१९ ला. महाराष्ट्राने आपली प्लास्टिक-थर्माकोलबंदी मार्च २०१८ मध्ये काढली, म्हणजे कागदावर तरी आपण न्यूयॉर्कच्या पुढे होतो. पण शाळांच्या बाबतीत बंदीची वाट बघावी लागली नाही, खरेदी बदलून काम झालं. ‘जनजागृती’ या शब्दावर आपल्याकडे जेवढा कागद खर्च होतो, त्याच्या दहाव्या हिश्शाने खरेदी विभागाकडे लक्ष दिलं, तर काय होतं याचं हे उदाहरण.

ट्रक गेला कुठे

वेगळं केलेलं खरकटं जातं कुठे, हा प्रश्न उपक्रम सुरू करताना कुणी विचारत नाही. न्यूयॉर्कला तो लवकरच विचारावा लागला.

महापौर ब्लूमबर्ग यांच्या शेवटच्या वर्षात, २०१३ मध्ये, शहराने कायदा करून घरं आणि शाळांमधून ओला कचरा वेगळा उचलण्याचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. आठ शाळांच्या शेकडो शाळा झाल्या. शहरातल्या खरकट्याचा एक भाग तेव्हा डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनच्या खतप्रकल्पात जात होता, जवळपास दोनशे किलोमीटरवर. आठ शाळांत डब्यापाशी पालक उभे होते. शेकडो शाळांत कुणी नव्हतं. खरकट्यात प्लास्टिकचे चमचे, पुड्या, पिशव्या जाऊ लागल्या. विल्मिंग्टनच्या प्रकल्पाच्या शेजारची वस्ती आधीच दुर्गंधीने हैराण होती, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या राज्य सरकारने तो बंद करायला लावला. पुण्याच्या उरुळी-फुरसुंगी कचराडेपोची कहाणी ज्यांना माहीत आहे, त्यांना विल्मिंग्टनच्या रहिवाशांची बाजू समजायला वेळ लागणार नाही. शहराचा चांगुलपणा बऱ्याचदा दुसऱ्याच्या नाकाखाली कुजत असतो.

दुसरी वाट ब्रुकलिनमध्येच निघाली. ग्रीनपॉइंट भागात न्यूटाउन क्रीक नावाचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे. तिथे अंड्याच्या आकाराच्या आठ चकचकीत, प्रचंड टाक्या आहेत. शाळांमधलं खरकटं दळून, त्याची लापशी करून, टँकरने या टाक्यांत सोडायला २०१३ मध्येच सुरुवात झाली. आत घडतं ते आपल्या गोबरगॅसच्या टाकीतलंच, फक्त अवाढव्य प्रमाणावर. हा गॅस शुद्ध करून घरोघरच्या चुलींपर्यंत नेऊ, असं तेव्हा जाहीर झालं होतं. तो नळाला लागेपर्यंत २०२३ उजाडलं. मधली वर्षं जास्तीचा गॅस जाळून टाकला जात होता.

मधल्या काळात, २०१६ पासून, महापौर डी ब्लासिओ यांच्या ‘२०३० पर्यंत शून्य कचरा’ या घोषणेखाली शंभरएक शाळा निवडून त्यांच्यावर जास्त मेहनत घेतली गेली : प्रशिक्षण, नवे डबे, ‘ग्रो-एनवायसी’ या संस्थेची माणसं. मग कोरोना आला. मे २०२० मध्ये अंदाजपत्रकात कात्री लागली, तेव्हा शहराने ओल्या कचऱ्याची उचलच बंद केली. महापौर ॲडम्स यांच्या काळात ती परत उभी राहिली, आणि २०२४ उजाडेपर्यंत सगळ्या सरकारी शाळांत तपकिरी डबे पोचले. कौतुक करायलाच हवं. पण पैशाची चणचण आल्यावर पहिली गदा कशावर येते, हेही या निमित्ताने दिसलं.

मुलं का टाकतात

इथवर आलो तरी मूळ प्रश्नाला हात लागलेला नाही. बारा वर्षांची धडपड टाकलेल्या अन्नाचं काय करायचं याची आहे. मुलं ते का टाकतात, ही बाजू न्यूयॉर्कमध्ये लंगडीच राहिली.

या बाजूची मोजणी अमेरिकेतल्या नऊ शहरांमधल्या ४६ शाळांत झाली. डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये ती प्रसिद्ध केली. मुलांनीच हातमोजे घालून आपलं खरकटं तोललं. हिशेब निघाला वर्षाला विद्यार्थ्यामागे ३९.२ पौंड, म्हणजे पावणेअठरा किलो. १८० दिवसांनी भागलं, तर रोजचे जवळपास १०० ग्रॅम. हा भागाकार करताना मी थबकलो, कारण १०० ग्रॅम हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोजचं जे कोरडं धान्य मंजूर आहे, ते तेवढंच. कोरडा तांदूळ आणि शिजलेलं उरलेलं अन्न यांची तुलना होत नाही, हे कळतं. तरीही आकडा डोक्यातून जात नाही.

त्याच मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली. नुसतं तोलून, चर्चा करून खरकटं सरासरी किती कमी झालं? तीन टक्के. प्राथमिक शाळांत साडेचौदा टक्के, पण सगळ्या मिळून तीन. मोठी मुलं वजनकाट्याकडे बघून सुधारत नाहीत. याचा अर्थ मोजू नये असा नाही. मोजल्याने काय फेकलं जातंय ते कळतं, आणि मग मुलांना बदलण्याऐवजी दुसरं काहीतरी बदलावं लागतं.

काय बदलायचं? एक म्हणजे वेळ. न्यूयॉर्कच्या गर्दीच्या शाळांत जेवणाच्या पंगतींवर पंगती उठतात. पहिली पंगत कधीकधी सकाळी दहाच्या सुमारास बसते, तेव्हा भूक कुणाला असणार? शेवटच्या पंगतीला घाई. रांगेतला वेळ वजा केला, की हातात खाण्याची किती मिनिटं उरतात, हा प्रश्न आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांचा २०१६ सालचा एक अभ्यास सांगतो, की बसून खायला वीस मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळाला, तर मुलं मुख्य पदार्थ १३ टक्के कमी खातात, भाज्या १२ टक्के कमी, दूध १० टक्के कमी. म्हणजे वेळापत्रक बनवणारे सर त्यांच्या नकळत खरकटं वाढवत असतात.

दुसरं, खेळ आधी की जेवण आधी. युटा राज्यातल्या ओरेमच्या प्राथमिक शाळांत खेळाची सुट्टी जेवणाआधी आणली, तेव्हा फळं-भाज्या खाण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी वाढलं. २०१५ मध्ये हा अभ्यास छापून आला. कारण कुठल्याही आईला विचारा. जेवणानंतर खेळ असेल, तर मुलाचं लक्ष मैदानाकडे, आणि ताटातलं गाजर हा त्याच्या वाटेतला अडथळा. आधी दमून आलं, की तेच मूल गाजर मागून घेतं. या बदलाला एक पैसाही लागत नाही. लागतात ते हात धुवायला पुरेसे नळ आणि थोडी कुरकुर सहन करण्याची तयारी.

तिसरं म्हणजे वाटून घेण्याचं टेबल. न उघडलेलं दूध, न सोललेलं केळं, पाकीटबंद बिस्किटं तिथे ठेवायची. ज्याला हवं त्याने उचलायचं. जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने याला चालेल असं लेखी कळवलं, तोवर अनेक शाळा आरोग्य निरीक्षकाच्या भीतीने हे करत नव्हत्या. आपल्याला उष्ट्याची जी शिवाशिव वाटते, तिचं त्यांच्याकडचं रूप म्हणजे हे निरीक्षकाचं भय.

आपल्याकडे बघताना

महाराष्ट्रातल्या शाळेने यातलं काय घ्यावं, याची यादी मी देणार नाही, कारण सुरुवातच वेगळ्या ठिकाणी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं घरून ताटली आणतात किंवा शाळेची स्टीलची ताटं असतात. जेवण झालं की नळावर विसळतात. न्यूयॉर्कला जिथे पोचायला सहा वर्षं आणि सहा शहरं लागली, तिथे आपली मुलं आधीच उभी आहेत. गावात उरलेली खिचडी कोंबड्यांना, जनावरांना जाते आणि परसबागेच्या खड्ड्यात भाजीचे देठ. तिथे तपकिरी डबा आणून त्याचं उद्घाटन करणं म्हणजे चालत्या गाडीला ढकलण्यासारखं आहे.

प्रश्न आहे तो शहरातल्या केंद्रीय स्वयंपाकगृहांचा. शाळेतच शिजवणाऱ्या ताई वर्गावर डोकावून आज किती डोकी आहेत ते बघून तांदूळ धुतात. दूरच्या स्वयंपाकघरात पहाटे भाताचं पातेलं चढतं तेव्हा आज कोण येणार हे कुणाला ठाऊक नसतं. पाऊस पडला, सण आला, परीक्षा संपली, की भरलेले डबे तसेच उरतात. ही गळती मुलाच्या ताटात होत नाही, हजेरीच्या आकड्यात होते. तिथे मुलांना ‘पानात टाकू नका’ शिकवून काय होणार? तिथे रोज किती भात परत गेला, याची एक ओळ वहीत लिहिणं जास्त कामाचं. ती लिहिली जात नाही, कारण परत गेलेला भात दाखवला तर पुढच्या महिन्याचा तांदूळ कापला जाईल, ही भीती सगळीकडे असते. न्यूयॉर्कच्या शिक्षण खात्याला ट्रे फेकण्याचं बिल येत नव्हतं. इथे खरं लिहिण्याचं बिल येतं.

पुन्हा त्या मॅनहॅटनच्या जेवणघरात, पहिल्या थांब्याच्या बादलीपाशी. अमेरिकन शाळेतल्या जेवणात पाच घटक असतात : धान्य, प्रथिनं, भाजी, फळ, दूध. ज्या शाळांनी मुलाला नको ते नाकारू देण्याची पद्धत घेतली आहे, तिथे त्याने त्यातले तीन घ्यावे लागतात आणि त्यात अर्धा कप फळ किंवा भाजी हवीच, तरच शाळेला त्या जेवणाचं सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे दूध घेतलंच पाहिजे असा नियम तिथे नाही. तरी रांग भरभर सरकावी म्हणून अनेक ठिकाणी खोका सरळ ट्रेवर ठेवला जातो. ४६ शाळांच्या त्याच मोजणीत विद्यार्थ्यामागे वर्षाला अठ्ठावीस-एकोणतीस खोके दूध वाया गेलेलं निघालं. ते मूल खोका उघडतं, दूध बादलीत ओततं, खोका निळ्या डब्यात टाकतं. सगळं बिनचूक. रांगेत उभी असलेली वाढपी बाई त्याला आधी एवढंच विचारू शकली असती : दूध पिणारेस का आज?